जांबोटी पट्ट्यातलं मालकीचं रान: विकावं, राखावं की शिकारीला खुलं करावं?

ओढ्याकाठचा (धागा सुरू करणारा)

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढे आमची अकरा एकर जमीन आहे. दोन एकर भात, थोडे काजू, बाकी सगळा उतार रानाचा. जांभूळ, किंजळ, करवंदाच्या जाळ्या आणि खाली मलप्रभेला मिळणारा ओढा. वडील गेल्यावर वाटणीचा विषय निघाला आणि दोघे भाऊ विकायच्या बाजूला गेले. त्यांना दोष देत नाही. २०२० साली कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं गेली, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. तेव्हापासून एजंट दारातून हलत नाही. उतार सपाट करायचा, दहा-दहा गुंठ्यांचे प्लॉट पाडायचे, ओढा अडवून पोहायला तळं करायचं, असा नकाशाच घेऊन येतो.

मला वाटतं, रान आहे तसं ठेवून त्यावर घर चालेल एवढं मिळवावं. एका वेळी सहा-सात माणसं, त्याहून जास्त नाही. रानवाटा, पक्षी, रात्री तंबू, घरचं जेवण. ओढ्यात गळ टाकायचा आणि धरलेला मासा परत सोडायचा. मिरगात मात्र गळसुद्धा नाही.

ते का, ते सांगतो. पहिला पाऊस झाला की मासे ओढ्यातून वर चढतात, पाटातून भाताच्या खाचरात येतात. पाणी तीन बोटं. पाठ उघडी पडलेली असते, तरी शेपटी आपटत पुढं सरकतात. पोट इतकं तटतटलेलं की अंगठा लागला तरी अंडी गळतात. गाव बुट्ट्या घेऊन यायचा. वडील पाटाच्या तोंडाशी इरलं पांघरून बसायचे आणि पहिले पंधरा दिवस कुणालाही बुट्टी लावू द्यायचे नाहीत. "पोटुशी हाय ती, जाऊ दे वर." थंडीत आमच्या डोहात मासा असायचा, तो त्यामुळं. महाडजवळच्या वाळण कोंडीतले मोठे मासेसुद्धा देवाचे म्हणून कुणी मारत नाही, म्हणूनच आजवर टिकले.

तुमची मतं सांगा. विरोधातली आधी सांगा.

माळावरचा शेतकरी

विरोधातलं मीच सांगतो. मागल्या कार्तिकात कापणीला चार दिवस हुते. रात्री अकरा गवे उतरले. सकाळी बगितलं तर पाऊण एकर भात रोलर फिरवल्यागत झोपलेलं. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. भरपाईला अर्ज केला, फोटो दिले, तीन हेलपाटे घातले. मिळालं त्यात बियाणंसुद्धा निघालं न्हाई. तुमी रान राखतासा, त्या रानातनं निघालेलं जनावर आमच्या शेतात जेवतंय. पयलं आमच्या आज्ज्याकडं राखणीची बंदूक हुती. वर्षाला दोन-तीन डुकरं पडायची, गावाला वाटा जायचा, बाकीची घाबरून लांब ऱ्हायची. रान ठेवायचंय तर शिकार खुली करा. शहरातले हौशी लोक पैसे मोजतील, ते पैसे आमाला मिळू देत. मग आमीच रान राखतो.

सरहद्दीवरचा (चंदगड)

शेतकरीदादांशी सहमत. शिकारीनं रान संपतं हा समज अर्धवट आहे. दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, म्हणून तिथं कुऱ्हाड पोचली नाही. १९५८ साली त्याचंच अभयारण्य झालं. अमेरिकेत १९३७च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, बदकांच्या शिकाऱ्याला १९३४पासून तिकीट घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळी विकत घेतल्या जातात. ज्याला शिकार हवी, तोच रानासाठी खिशात हात घालतो. आपण १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं घातली, १९९१च्या दुरुस्तीनं ती जवळजवळ पूर्ण बंद केली आणि मालकाला रान हे ओझं करून ठेवलं.

तालुक्याच्या कोर्टातला

इथं कुणी अडकू नये म्हणून कायद्याचं स्पष्ट लिहितो. जमीन तुमची असली तरी गवा तुमचा नाही. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षं कैद. डुक्कर उपद्रवी ठरवून मारायचं तरी आधी परवानगी लागते. पाहुण्याच्या हातात पैसे घेऊन बंदूक देणं कुठल्याच परवानगीत बसत नाही.

गळाबद्दलही जपून. काठ तुमच्या उताऱ्यावर असेल, पण वाहता ओढा सरकारचा. मासेमारीसाठी विचारूनच पुढं जा. भीमगड अभयारण्यात (२०११ची घोषणा, सुमारे १९० चौरस किलोमीटर) तर गळ चालणारच नाही, त्यामुळं हद्द आधी मोजून घ्या.

एक वाट मात्र आहे. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीनं ३६-सी कलम आलं. मालकानं स्वतःहून दिलेल्या खासगी जमिनीला 'समुदाय राखीव क्षेत्र' जाहीर करता येतं. मालकी तुमचीच राहते, पण पुढं जमिनीचा वापर बदलायचा तर त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. भावांच्या सह्या पूर्ण विचारानं घ्या, हा दोर सहज सुटत नाही.

मोदेकोपची माहेरवाशीण

सगळे रान राखायचं म्हणताय. कुणासाठी, हे कुणीच लिहिलं नाही. दाजीपूरचं उदाहरण दिलंत. ते राजाचं रान होतं. तिथल्या बायकांनी जळण कुठून आणलं असेल?

माझ्या माहेरच्या वाडीमागं असाच एक उतार बाहेरच्या माणसानं घेतला. झाड एक तोडलं नाही, उलट लावली. पण भोवती तारेचं कुंपण घातलं, गेट केलं, कुलूप लावलं. आमची झऱ्याची पाणंद त्यातून जायची. आई आता उन्हाळ्यात घागर घेऊन पूर्ण टेकडीला वळसा घालते. गेटपाशी दगडाचा एक टप्पा आहे, तिथं बायका पूर्वी घागरी टेकवून बसायच्या. तो आता तारेच्या आत गेलाय. शिकेकाई गेली, पावसातली अळंबी गेली. रान मात्र हिरवंगार आहे, फोटोत छान दिसतं. मला असलं राखणं नको. त्यापेक्षा गव्यांचा त्रास परवडला.

ओढ्याकाठचा

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. आमच्या उतारावरूनही वरच्या वाडीची वाट जाते आणि माझ्या पहिल्या मजकुरात ती कुठंच नव्हती. कुंपण घालणार नाही. वाट, झरा, वाळलेलं जळण, शिकेकाई आजच्यासारखंच खुलं राहील.

चंदगडकर, शिकारीला मात्र माझा नकार आहे, आणि फक्त कायदा आहे म्हणून नाही. अमेरिकेत तिकिटाचा पैसा पाणथळीपर्यंत पोचतो. इथं गव्याची भरपाई दादांच्या बांधापर्यंत पोचत नाही. मग शिकारीचा पैसा पोचेल यावर मी कसा विश्वास ठेवू? बंदूक मात्र नक्की पोचेल.

दादा, तुमच्या पाऊण एकराला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशातला ठरलेला वाटा लगतच्या शेतांच्या सौर कुंपणाला द्यायचा, एवढं मी करू शकतो.

माळावरचा शेतकरी

पावणे येतील तवा कुंपण. गवे ह्याच कार्तिकात येणार. कुंपण आधी बगा, मग बोलू. बंदुकीचं माझं मत तेच हाय. पण प्लॉटवाल्याला जमीन देऊ नगासा. त्यानं ओढा अडवला तर खाली माझी खाचरं सुकतील.

मोदेकोपची माहेरवाशीण

वाट खुली ठेवणार ते कागदावर घाला, भावांच्या सह्यांसकट. आमच्याकडं तोंडीच ठरलं होतं.