शनिवारचा गच्ची-सिनेमा

सेक्रेटरी (ए-१०२): शनिवारी रात्री ८ ला गच्चीवर सिनेमा. मागच्या मारधाडवाल्याला ९ जण आले, त्यातले ४ भजी संपल्यावर गेले. यंदा हलकंफुलकं सुचवा.

रेवा (सी-२०३): ‘लव्ह पोशन नंबर नाइन’. १९९२ चा. सँड्रा बुलक आहे, ‘स्पीड’च्या दोन वर्षं आधीची. सुरुवातीला इतकी गबाळी दाखवलीये की पटकन ओळखूच येत नाही.

सुलूमावशी (बी-३०४): पोशन म्हणजे गं?

रेवा: प्रेमात पाडायचं औषध.

नाना (ए-४०१): वशीकरण. लोकलच्या डब्यात स्टिकर असतात तेच.

रेवा: नाना, ह्यात समोरच्याला काही पाजायचं नाही, स्वतःच घ्यायचं. औषध आवाजात उतरतं. पुरुष बोलला की ऐकणाऱ्या बाया खुळावतात आणि पुरुषांचं टाळकं सरकतं. बाई बोलली तर उलट. असर ४ तास.

अभय (ए-३०१): आपल्या सेक्रेटरींच्या आवाजाने एजीएममध्ये दोघांचंही टाळकं सरकतं.

सेक्रेटरी: अभय, तुमचा मेंटेनन्स दोन महिने बाकी आहे.

रेवा: 😂 हीरो बायोकेमिस्ट आहे. औषधावर विश्वास नाही म्हणून कचऱ्यात टाकतो. मांजर त्यात तोंड घालते, म्याँव करते आणि गल्लीतले सगळे बोके हजर! मग तो आणि सँड्रा (तीही शास्त्रज्ञच) आधी चिंपांझींवर प्रयोग करतात, नंतर स्वतःवर.

सुलूमावशी: आपल्या बी विंगमागेही आठवडाभर बोक्यांची सभा भरतेय. कुणी काय टाकलंय बघा.

स्मिता (बी-१०१): मुलांना चालेल का?

रेवा: पीजी-१३ आहे, म्हणजे तेराच्या आतल्यांना दाखवायचा का ते आईबापांनी बघायचं. एक पात्र वेश्येचं आहे, तेव्हा लहानांना खालीच ठेवा. आणि खरं सांगू? हीरो औषध मारून बारमधल्या पोरी गटवतो ते आज बघताना खटकतं. पण पुढे दुसराच एक माणूस तेच औषध सँड्रावर वापरतो, तेव्हा ह्याच्या तोंडचं पाणी पळतं. तो भाग मला आवडला. शेवटाकडे पळापळ जरा जास्त आहे, तेव्हा चहा द्या.

अभय: ह्या विषयाचा बाप म्हणजे इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा ऑपेरा (त्यांचं संगीत नाटक), १८३२ चा, मिलानमध्ये झालेला. खेड्यातला भोळा नेमोरिनो एका भोंदू वैद्याकडून प्रेमाचं औषध घेतो. बाटलीत असते साधी बोर्दो वाइन. तेवढ्यात काका वारल्याची आणि ह्याला इस्टेट मिळणार असल्याची बातमी पोरींमध्ये फुटते. सगळ्या त्याच्याभोवती! ह्याला पत्ताच नाही, वाटतं बाटलीचाच गुण.

सुलूमावशी: हे औषध मात्र खरं. आमच्या भाच्याला पुण्यात फ्लॅट मिळाला त्या महिन्यात तीन स्थळं आली.

स्मिता: मावशी 🙏

नाना: सिनेमाचं नाव गाण्यावरून घेतलंय. क्लोव्हर्स ह्या अमेरिकन गायकमंडळींचं, १९५९. त्यात गडी औषध पिऊन दिसेल त्याचे मुके घेत सुटतो. शेवटी पोलिसाचा घेतो, तो बाटलीच फोडतो. कॉलेजात असताना आम्ही हे म्हणायचो. थांबा.

नाना: 🎤 ऑडिओ ३:४२

स्मिता: नाना, लिहून पाठवा ना. ऑफिसात आहे.

अभय: मी ऐकली. टाळकं सरकलं. औषध अस्सल आहे.

सेक्रेटरी: सिनेमा ठरला. पडदा म्हणून डबल बेडची पांढरी चादर लागेल, मागच्या वेळची फुलाफुलांची नको, हीरोच्या कपाळावर गुलाब आला होता. भज्यांचे प्रत्येकी ४० रुपये. अभय यांनी मागचेही.

सुलूमावशी: चादर माझ्याकडे आहे. इस्त्री करून आणते.

नानी (ए-४०१): ह्यांची क्लिप मी दोनदा ऐकली. सेक्रेटरी, पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या आमच्या. शेजारी शेजारी.