मदत हवी आहे: थ्री-पॉइंटरच्या अंदाजबाजाराचं गणित जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, संख्याशास्त्रात एमएस्सी करतेय. शिवाजीनगरच्या कोर्टवर बरीच वर्षं खेळले, म्हणून प्रोजेक्टला एनबीएतले (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट, घेतले. अमेरिकेतल्या अंदाजबाजारात ‘हा खेळाडू आज ४ किंवा जास्त थ्री मारेल का?’ असे करार असतात. खरं ठरलं तर १ डॉलर, नाहीतर शून्य. म्हणून ४० सेंट भाव म्हणजे साधारण ४० टक्के शक्यता, इथवर कळलं.

पुढे अडलंय. खेळाडूचे थ्रीचे सरासरी प्रयत्न आणि यशाची टक्केवारी घेऊन मी द्विपद वितरण (ठरलेल्या प्रयत्नांत किती यशस्वी होतील याची शक्यता देणारं) लावलं. पण प्रयत्न रोज सारखे कुठे असतात? क्ले थॉम्पसनने २०१८ मध्ये शिकागोविरुद्ध २४ प्रयत्नांत १४ थ्री मारले. सरासरीच्या हिशेबात असा दिवस बसतच नाही. मग प्रयत्नांची संख्याही यादृच्छिक धरायची का? ऋण द्विपद (जास्त चढउतार सामावून घेणारं वितरण) चालेल? खेळलेली मिनिटं वेगळी मोजावीत का?

पैसे लावायचे नाहीत हो, आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच आहेत. फक्त माझा अंदाज आणि बाजारभाव ताडून बघायचाय. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात मॅडमना दाखवायचं आहे.