१९१९ चा ब्रॉडवेवरचा संप: कोहॅन निर्मात्यांच्या बाजूने का गेला?

रंगपट:
जॉर्ज एम. कोहॅन हा आईवडील आणि बहीण यांच्यासोबत व्हॉदविलचे (नाच, गाणी आणि विनोद यांच्या मिश्र करमणुकीचे) खेळ करत वाढलेला, हाडाचा नट. असे असताना ऑगस्ट १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप पुकारल्यावर त्याने निर्मात्यांची बाजू इतक्या हिरिरीने का घेतली? आणि मुळात निर्मात्यांच्या हाती एवढी सत्ता आली कुठून?

नेपथ्य:
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यात आहे. त्या काळी खरी कमाई दौऱ्यांवर होती आणि दौरा म्हणजे गावोगावच्या नाट्यगृहांच्या तारखा. १८९६ मध्ये चार्ल्स फ्रोमन, अल हेमन, क्लॉ, अर्लँगर, निक्सन आणि झिमरमन या सहा जणांनी 'थिएट्रिकल सिंडिकेट' स्थापून या तारखा आपल्या मुठीत घेतल्या. सगळी नाट्यगृहे विकत घेण्याची त्यांना गरजच नव्हती. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मार्गावरची मधली गावे ताब्यात असली की त्यांना डावलून दौरा आखणे कोणत्याही मंडळीला परवडत नसे.

त्या काळच्या नामवंत नटी मिसेस फिस्क यांनी या मक्तेदारीला वर्षानुवर्षे दाद दिली नाही. फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट १९०६ मध्ये सिंडिकेटचे प्रतिस्पर्धी असलेल्या शूबर्ट बंधूंच्या वतीने दौऱ्यावर निघाली, तेव्हा टेक्सासमध्ये नाट्यगृहे मिळेनात म्हणून तिचे खेळ चक्क तंबूत झाले. सिंडिकेटचे वर्चस्व पुढे शूबर्टांनीच मोडले, पण त्यांनी उभारलेली सत्ताही काही सौम्य नव्हती. नटाच्या दृष्टीने फक्त मालक बदलला.

तिसरी घंटा:
नेपथ्य यांच्या मांडणीत एक भर घालतो. नटांची तक्रार मक्तेदारीपेक्षा रोजच्या जाचाबद्दल अधिक होती. तालमी कित्येक आठवडे बिनपगारी चालत, कपड्यांचा खर्च अनेकदा नटाच्याच माथी येई, जादा खेळांचा मोबदला मिळेलच याची शाश्वती नसे आणि नाटक परगावी बंद पडले तर परतीच्या भाड्याची सोय ज्याची त्याने करायची. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या 'ॲक्टर्स इक्विटी' या नटांच्या संघटनेने याच गोष्टी करारात बांधण्याचा आग्रह धरला होता.

७ ऑगस्टला संप सुरू झाला. कोरसमधल्या मुलींची वेगळी संघटना उभी राहिली आणि तिच्या अध्यक्षपदी मेरी ड्रेसलर आली. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या नाट्यगृहात संपाच्या मदतीसाठी खेळ झाले. त्यांत एथेल बॅरीमोरसारखी मोठी नटी उतरली. विनोदी नट एड विनला न्यायालयाने रंगमंचावर येण्यास मनाई केली होती, तेव्हा तो प्रेक्षागृहात उभा राहिला आणि आपण वर गेलो असतो तर काय केले असते, हे सांगत त्याने लोकांना हसवले! पुढे वादक आणि रंगमंच कामगारही संपात उतरल्यावर निर्मात्यांचा निरुपाय झाला. ६ सप्टेंबरला तडजोड होऊन आठवड्याला आठ खेळांची मर्यादा मान्य झाली. तालमीचे पैसे मात्र १९३० नंतरच्या दशकातच मिळू लागले.

आता कोहॅन. सॅम हॅरिसच्या भागीदारीत तो स्वतःच मोठा निर्माता झाला होता आणि आपण नटांशी नेहमी उदारपणे वागलो, अशी त्याची भावना होती. ती फारशी खोटीही नसावी, पण एका मालकाचा चांगुलपणा सगळ्यांच्या करारांची जागा घेऊ शकत नाही, हे त्याला कधी पटले नाही. त्याने इक्विटीविरोधात 'ॲक्टर्स फिडेलिटी लीग' काढली.

नेपथ्य:
पटले. मात्र या एकजुटीलाही मर्यादा होत्या. १९१० पासून निर्माता झीगफेल्डच्या 'फॉलीज' या नाच-गाण्यांच्या भव्य खेळांमध्ये गाजत असलेला कृष्णवर्णीय विनोदी नट बर्ट विल्यम्स संपाच्या वेळी इक्विटीचा सभासद नव्हता, याचीही नोंद घ्यायला हवी.

रंगपट:
दोघांचेही आभार. कोहॅन पुढे इक्विटीत गेला का?

तिसरी घंटा:
नाही. पण इक्विटीने त्याला सवलत दिली आणि १९३३ मध्ये युजीन ओनीलच्या नाटकात त्याने प्रमुख भूमिका केली, तीही सभासद न होताच.