महिन्यातून एकच इंजेक्शन, मारीटाइडबद्दल कुणी वाचलंय का?

कोथरूडकर_४२: मी वजन कमी करायला मौंजारोचं इंजेक्शन घेतोय, दर रविवारी टोचायचं, खर्च तर विचारूच नका. परवा भाच्याने ॲम्जेन कंपनीच्या मारीटाइड या वजनाच्याच नव्या औषधाची बातमी पाठवली, महिन्यातून एकदाच घ्यायचं आणि पहिल्याच चाचणीत १२ आठवड्यांत साडेचौदा टक्के वजन कमी! मग आत्ताचं बंद करून थांबावं का?

फार्मावाली: दादा थांबू नका. तो आकडा फेज १ चा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या पहिल्या टप्प्याचा आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत नेचर मेटाबोलिझम या शोधपत्रिकेत आलेला. अख्ख्या चाचणीत ११० माणसं, तीही वेगवेगळ्या डोसांत वाटलेली, आणि साडेचौदा टक्के हे सगळ्यात वरच्या ४२० मिलीग्रॅमच्या गटाचं, त्यात दहासुद्धा माणसं नव्हती. फेज १ मध्ये मुख्य बघायचं असतं ते औषध झेपतंय का, किती डोसपर्यंत जाता येतं. वजन उतरलं तो बोनस.

कोथरूडकर_४२: अरेच्चा, बातमीत हे कुठेच नव्हतं 😅

निवांत_नाना: मला तर गंमत वेगळीच वाटते. जीआयपी आणि जीएलपी-१ ही आतड्यातली हार्मोन्स, पेशींवरच्या त्यांच्या रिसेप्टरला म्हणजे बटणाला ही औषधं हात घालतात. तुमचं मौंजारो जीआयपीचा रिसेप्टर चालू करतं, हे मारीटाइड तोच बंद करतं, जीएलपी-१ चा मात्र दोघंही चालू करतात. एक कडी काढतो, दुसरा कडी लावतो आणि वजन दोघांचंही उतरतं, नक्की का ते शास्त्रज्ञांचंही अजून ठरत नाहीये.

फार्मावाली: हो ना. आणि मारीटाइड महिनाभर टिकतं कारण ते अँटीबॉडीला, म्हणजे एका मोठ्या प्रथिनाला जोडलेलं आहे, शरीरातून हळूहळू जातं. म्हणून तर फेज १ मध्ये शेवटच्या डोसनंतर १५० दिवसांनीसुद्धा त्या वरच्या गटाचं वजन सुरुवातीपेक्षा ११ टक्के कमीच होतं. पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, नाही झेपलं तर टोचलेलं परत काढता येत नाही. उलट्या तेव्हाही झाल्या होत्या, बहुतेकांच्या दोनेक दिवसांत थांबल्या म्हणे.

निवांत_नाना: आणि हाडांचं? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच फेज १ च्या आकड्यांवरून हाडांची घनता घटते अशी ओरड झाली आणि ॲम्जेनचा शेअर आपटला.

फार्मावाली: कंपनी म्हणाली तसा धोका दिसत नाही. इतक्या थोड्या लोकांवरून इकडचं काय न तिकडचं काय, ठरणार कसं. फेज २ मध्ये ५९२ जण होते, मधुमेह नसलेल्यांचं वर्षभरात २० टक्क्यांच्या आसपास उतरलं. फेज ३ २०२५ मध्ये सुरू झालीय.

कोथरूडकर_४२: म्हणजे रविवार काही सुटत नाही. एकाने टेलिग्रामवर मारीटाइड 'रिसर्च ग्रेड', म्हणजे प्रयोगशाळेपुरतं, मिळतं म्हणून लिंक पाठवलीय, ती उडवतो.

फार्मावाली: आधी ती उडवा!!