मदत हवी आहे: बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ४ थ्या अध्यायातला 'विसावा' आणि 'प्रयत्न' एकत्र कसे बसवायचे?

प्रभूमध्ये सलाम. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे, रात्रपाळी. साप्ताहिक सुट्टी रविवारी येत नाही, त्यामुळे महिन्यातून एखादीच उपासना मिळते. नोकरी सध्या बदलता येणार नाही, तो सल्ला कृपया नको.

रोज ५ स्तोत्रं वाचली की ३० दिवसांत १५० होतात, म्हणून सुरुवात केली. अकराव्या दिवशी ५१ वं स्तोत्र उघडं ठेवून तसाच झोपलो. उठलो तर पानावर शर्टाचे सुताचे तंतू आणि डोक्यात अपराधीपणा. उपासही करून पाहिला. मागापुढं उभं राहून चक्कर आली, बंद केला. डॉक्टरांना दाखवलंय, झोप अपुरी एवढंच निघालं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना वाढव." तिथंच तर अडलोय!

मत्तय ११:२८ मध्ये प्रभू भाराक्रांतांना विसावा देतो, 'माझ्याकडे या' एवढंच म्हणतो. इब्री ४:१० म्हणतं, विसाव्यात आलेला आपल्या कृत्यांपासून थांबला. आणि लगेच ११ व्या वचनात त्या विसाव्यात येण्यासाठी झटायला सांगितलंय. एलीया संदेष्ट्याला तर रतामाच्या झुडपाखाली देवदूतानं आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, मग होरेब डोंगराची वाट (१ राजे १९).

मग हे झटणं म्हणजे नेमकं काय? भरवसा न सोडणं, की नेम न चुकवणं? पाळीवरून आल्यावर हातात वीसच मिनिटं असतात. रात्रपाळी करून विश्वासात टिकलेल्यांनी सांगा, त्या वीस मिनिटांत तुम्ही काय करता आणि काय सोडून दिलंत?