डाईंगच्या सांडपाण्याचा रंग जात नाही: टायटॅनियमचा उत्प्रेरक, एमबीआर की फेंटन? सल्ला हवा

नीळसोडा:
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. सुती कापड, बहुतेक सगळं रिॲक्टिव्ह डाईंग. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) आजवर काका बघायचे, आता ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. रोजचं पाणी साधारण २०० घनमीटर. कच्च्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १,४०० मिलिग्रॅमच्या आसपास, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५,००० च्या वर. सध्या हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुना, मग एरेशन टाकी (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेणारी), मग वाळूचा फिल्टर. शेवटी सीओडी ४०० वर अडकतो, आणि लाल किंवा नेव्ही ब्लूचा लॉट असला की पाणी रंगीतच बाहेर येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आमच्या संमतिपत्रात सीओडी २५० आणि रंग १५० युनिटांच्या आत हवा असं आहे.

एक विक्रेता प्रात्यक्षिक दाखवून गेला. काचेच्या नळीत निळं पाणी, त्यात चिमूटभर पांढरी पूड, वर अतिनील दिवा. अर्ध्या तासात पाणी नितळ! त्याच्याकडे मेम्ब्रेन (बारीक छिद्रांचा पडदा) लावलेला फोटोकॅटॅलिटिक (प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाचा) रिॲक्टर आहे. दुसऱ्याने एमबीआर (मेम्ब्रेन बायोरिॲक्टर) सुचवला, तिसऱ्याने फेंटन (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया). तिघांची दरपत्रकं हातात आहेत आणि पैसे एकदाच घालता येणार आहेत. पाणी शेवटी पंचगंगेत जातं, म्हणून नुसता अहवाल जुळवायचा नाहीये, खरोखर स्वच्छ करायचं आहे. कुणी यातलं काही चालवलं आहे का?

पाझर:
मी पुण्यात मेम्ब्रेन आणि उत्प्रेरक या दोन्हींवर काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ती पांढरी पूड टायटॅनियम डायऑक्साइडची असणार. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी त्याच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं आणि तिथून हा विषय फोफावला. रसायन अगदी खरं आहे. प्रकाश पडला की पुडीच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात, आणि त्यांच्यापुढे फारच थोडे सेंद्रिय रेणू टिकतात. पण तुमच्या पाण्यात त्याला काम करायला जागाच मिळत नाही. या पदार्थाला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात तो जेमतेम पाच टक्के असतो, म्हणून दिवे लावावे लागतात. नेव्ही ब्लूच्या पाण्यात तो प्रकाश काही मिलिमीटरांतच संपतो. त्यात तुमचं डाईंगचं मीठ आणि सोडा ॲश: क्लोराइड आणि कार्बोनेट हे दोन्ही रॅडिकल खातात. शिवाय डाईंगचं पाणी अल्कधर्मी. पीएच ७ च्या वर गेला की या पुडीच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो, आणि रिॲक्टिव्ह रंगांचे रेणूही ऋण भाराचेच. ते एकमेकांपासून लांबच राहतात.

प्रात्यक्षिकातलं निळं पाणी बहुधा मिथिलीन ब्लूचं असतं. त्याचा भार धन, त्यामुळे तो पुडीला नुसता चिकटूनही पाणी नितळ दिसतं. विक्रेत्याला तुमच्याच एरेशन टाकीनंतरचं पाणी द्या आणि तीन नळ्या लावायला सांगा: एक पूड घालून अंधारात, एक पुडीशिवाय दिव्याखाली, एक पूड आणि दिवा दोन्ही. तिन्हींचा रंगच नाही, सीओडीही मोजा. तयार नसेल तर विषय तिथेच संपवा.

मेम्ब्रेन का लावतात, तेही सांगतो. पुडीचे कण २०-२५ नॅनोमीटरचे. पाण्यात त्यांचे झुबके होतात, तरी खाली बसायला फार वेळ घेतात. म्हणून अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनने पूड अडवून परत रिॲक्टरात सोडतात. दुसरा प्रकार म्हणजे पूड मेम्ब्रेनवरच बसवायची. त्यात पूड वाहून जात नाही, पण पाण्याला मिळणारा उत्प्रेरकाचा पृष्ठभाग फार कमी होतो. दोन्हींत मेम्ब्रेन पॉलिमरची असेल तर तेच रॅडिकल आणि तोच अतिनील प्रकाश हळूहळू तिलाही खातात. सिरॅमिक टिकते. कॅनडातल्या प्युरिफिक्स कंपनीची यंत्रणा अशीच आहे, टायटॅनियमची पूड आणि सिरॅमिक मेम्ब्रेन. पण ही जात तुलनेनं स्वच्छ पाण्यातली थोडीशी चिवट रसायनं काढण्यासाठी शोभते. तुमच्या पाण्यासाठी मी घेणार नाही.

पाळीवाला:
मी ईटीपी ऑपरेटर, आधी एका सायझिंगवर आणि आता प्रोसेसवर. पाझर यांचं बरोबर आहे. मी एमबीआरबद्दल लिहितो, कारण तो रोज चालवतो.

एमबीआर म्हणजे एरेशन टाकीच, फक्त गाळ खाली बसवण्याऐवजी पाणी मेम्ब्रेनमधून ओढून घ्यायचं. त्यामुळे एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) लिटरला ८,००० ते १२,००० मिलिग्रॅम ठेवता येतो, गाळ वाहून जात नाही, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात गढूळपणा शून्य. सीओडी खरंच उतरतो. पण रंग जाईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. विरघळलेला रिॲक्टिव्ह रंग त्या छिद्रांतून आरामात निघतो, आणि हवेवरच्या जिवाणूंना तो फारसा पचत नाही.

दर तासाला चौरस मीटरमागे १५ लिटर धरा, दिवसाला २० तास चालवा, तर २०० घनमीटरला जवळजवळ ६७० चौरस मीटर मेम्ब्रेन लागते. दरपत्रकात एवढी आहे का बघा. स्वस्त दरपत्रकात हाच आकडा कापलेला असतो, आणि मग पहिल्या वर्षातच दाब चढायला लागतो. सुताचे तंतू हा दुसरा शत्रू. पोकळ धाग्याची मेम्ब्रेन असेल तर आधी एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी हवीच, नाहीतर तंतूंच्या वेण्या होऊन अडकतात. डिसायझिंगच्या (सुताची खळ काढण्याच्या) पाण्यात पीव्हीए (खळीतलं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) असेल तर ते आत घेऊ नका, वेगळं काढा.

नीळसोडा:
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे फेंटनच उरतं? कच्च्या पाण्यावर थेट फेंटन केलं तर एरेशन टाकीची कटकटच जाईल असं तिसरा विक्रेता म्हणतो.

पाझर:
तसं करू नका, आणि कारण आकड्यांत आहे. एक ग्रॅम सीओडी पूर्ण जाळायला कागदावर २.१२५ ग्रॅम शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो. कच्चं पाणी १,४०० वरून २५० वर आणायचं तर ५० टक्क्यांचा पेरॉक्साइड दर घनमीटरला ४.९ किलो, म्हणजे रोज जवळजवळ एक टन. आधी जिवाणूंकडून ४०० पर्यंत आणून मग फेंटनने २०० करायचं असेल तर रोज १७० किलो. जे जिवाणू फुकट खातात ते पेरॉक्साइडने कशाला जाळायचं? फक्त त्यांना न पचणाऱ्या शेवटच्या भागासाठी तो ठेवा. तुमच्याकडे ब्लीचिंगला पेरॉक्साइड येतोच, दर तुम्हाला पाठ असेल.

फेंटनची कृती जुनी आहे. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लोह आणि पेरॉक्साइडच्या जोडीबद्दल लिहिलं. पीएच ३ च्या आसपास आणायचा, हिराकस घालायचा, मग पेरॉक्साइड सावकाश सोडायचा. क्रम उलटा नको आणि घाई नको, पाणी तापतं आणि फेस उसळतो. काम झालं की चुन्याने पीएच वर आणायचा, लोह गाळ होऊन बसतं. हा लोहाचा गाळ हीच या पद्धतीची मोठी किंमत, फिल्टर प्रेसची क्षमता आधी तपासा. गाळ नको म्हणून लोह घन पदार्थावर बसवलेले उत्प्रेरक मिळतात, मॅग्नेटाइट किंवा लोहयुक्त झिओलाइट. त्यांना पीएच इतका खाली लागत नाही, पण वेग कमी आणि लोह थोडं थोडं सुटत राहतं. तुमच्या आकाराच्या युनिटला साधा हिराकसच परवडेल.

नुसता रंगच घालवायचा असेल तर ओझोन उत्तम, अझो बंध (रंगाच्या रेणूतला नायट्रोजनचा दुवा) तो पटकन तोडतो. सीओडी मात्र फारसा हलत नाही. टर्कॉइजचे (फिरोजी) लॉट घेत असाल तर सावध राहा. त्या रंगात तांबं असतं, रेणू फुटला की ते पाण्यात सुटतं, म्हणून बाहेरच्या पाण्यात तांबंही तपासा.

शिरोळकर:
मी शेतकरी आहे, नदीच्या खालच्या अंगाला आमचा ऊस. यंत्रातलं मला फार कळत नाही, पण एक विचारतो दादा. रंग गेला, सीओडी गेला, मिठाचं काय? आमच्याकडे क्षारपड जमिनीने आधीच हैराण केलंय. पाणी नितळ दिसलं म्हणून पिकाला चालतं असं नाही.

तिरुपूरकर:
शिरोळकरांचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वर सांगितलेल्या एकाही पद्धतीने मीठ जात नाही, एमबीआरने नाही, फेंटनने नाही. उलट फेंटनमध्ये आम्ल आणि चुना घालून क्षार थोडे वाढतात. मी नोकरीमुळे तिरुपूरला असतो. इथे नोय्यल नदीच्या प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने डाईंग युनिटं बंद करायला लावली ती मुख्यतः याच कारणाने, आणि त्यानंतर आरओ (क्षार अडवणारी मेम्ब्रेन) व बाष्पीभवन लावूनच ती सुरू झाली.

२०० घनमीटरला पूर्ण बाष्पीभवन परवडणार नाही हे मला कळतं. पण एक काम आजपासून करता येईल: डाईंग बाथचं (ज्यात कापड रंगवतात ते) आणि धुण्याचं पाणी वेगळं करा. सगळ्यांत जास्त मीठ पहिल्या बाथच्या थोड्याशा पाण्यात असतं. त्यावर नॅनोफिल्ट्रेशन लावलं तर रंग मागे राहतो आणि मिठाचं पाणी पलीकडे येतं, ते पुढच्या बाथला वापरता येतं. हे साध्या मिठाला लागू. ग्लॉबर (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर सल्फेट रंगाबरोबरच अडकतं आणि उपयोग होत नाही. मागे उरलेल्या रंगीत पाण्याची सोय आधीच ठरवा, ते गुपचूप टाकीत परत सोडलं की सगळं मुसळ केरात.

नीळसोडा:
शिरोळकर काका, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलं आहे. आम्ही साधं मीठच वापरतो, त्यामुळे बाथचं पाणी वेगळं करण्यापासून सुरुवात करतो. काकांशी बोललो, पाइप वळवायला ते तयार आहेत. एक शंका: आज बादलीत फेंटन करून बघितलं. रंग पूर्ण गेला, पण सीओडी कमी व्हायच्या ऐवजी जास्त आला!

पाळीवाला:
उरलेला पेरॉक्साइड आहे तो. सीओडीच्या चाचणीतल्या डायक्रोमेटशी तोही लढतो आणि आकडा फुगवतो. पेरॉक्साइडच्या पट्टीने तपासा, शून्य येईपर्यंत पीएच वाढवून हवा मारत ठेवा, मगच नमुना घ्या. मेटाबायसल्फाइटने मारायला जाऊ नका, जास्त पडलं तर तेही सीओडीत धरलं जातं. आणि तुमच्या पाण्यात क्लोराइड भरपूर आहे, तेही आकडा फुगवतं, म्हणून प्रयोगशाळेला मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घालायला सांगा, किंवा नमुना पातळ करून करायला सांगा. आधीचा ४०० चा आकडाही तसाच परत काढून बघा, मग पेरॉक्साइडची मात्रा ठरवा.