बचत गटाच्या ग्रुपवर ओळख टाकायची आहे, आजारपण लिहू का? (आज नऊच्या आत)

धानाची_लेक
लग्न होऊन चार महिने झाले. माहेर गडचिरोलीकडलं, सासर यवतमाळ जिल्ह्यात. बचत गटात नाव घातलं तर सीआरपी ताईंनी (गावातले गट सांभाळणाऱ्या) व्हॉट्सअ‍ॅपवर आपापली ओळख टाकायला सांगितली. नाव, माहेर, शिक्षण लिहून झालं. पुढं सुचतच नाही. आजारपण लिहू का? कसं लिहू? लवकर सांगा.

कोरडवाहू
शुगर आहे का ताई? माझ्या आईले कारल्याच्या रसानं लय फरक पडला. रोज सकाळी अर्धा कप.

पऱ्हाटी
भाऊ, तिनं शुगर म्हटलंच नाही. ताई, आजार कोणता ते तर सांगा.

धानाची_लेक
सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्याकडे घरोघरी माहीत आहे म्हणून लिहिलं नाही. इथं माझे डोळे पिवळे दिसले तर शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. मायेनं घातली, मला नाही म्हणता आलं नाही. अजून गळ्यातच आहे.

आशाताई_वर्धा
एएस की एसएस? म्हणजे नुसती वाहक की आजारच?

धानाची_लेक
एसएस. गोळ्या सुरू आहेत.

पऱ्हाटी
मग नका लिहू. माझ्या बहिणीनं सांगितलं तर तिच्या हातचा चहा कोणी घेईना.

आशाताई_वर्धा
काऊन लपवाव वं? चोरी केली का तिनं? हा आजार लागत नाही, आईबापाकडून येतो. तेच लिहायचं. नवऱ्याची तपासणी झाली का? तो एएस असला तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता बाळ एसएस होण्याची. एए, म्हणजे दोष नसलेला, असला तर लेकरं वाहक होतील, आजारी नाही.

धानाची_लेक
लग्नाआधीच केली, एए आहे. ताई, मी ते विचारलं नाही. गट पापड-मसाल्याचं काम घेणार आहे, आळीपाळीनं. थंडीत माझे सांधे असे ठणकतात की लाटणं धरवत नाही. तेव्हा कामचुकार म्हणतील, ही भीती आहे.

कोरडवाहू
एसटीत सिकलसेलवाल्यांना सवलत आहे. पास काढला का?

पऱ्हाटी
बरं, कामाचं असेल तर सांगाच. बहिणीनं भांडण झाल्यावर सांगितलं होतं, तिथंच चुकलं.

धानाची_लेक
हे बघा:
"नमस्कार. मी गटात नवीन. माहेर गडचिरोली, बारावी झाली, हिशोब लिहिता येतो. मला जन्मापासून सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून अंग दुखतं. हा आजार लागत नाही. माझे डोळे पिवळे दिसतात ते याच्यामुळंच. थंडीत, अंगात पाणी कमी पडलं की त्रास वाढतो. त्या दिवशी लाटायला जमलं नाही तर वही मी सांभाळीन. ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी झोपवू नका, लगेच दवाखान्यात न्या."

पऱ्हाटी
वहीचं चांगलं लिहिलं. आमच्या गटात वही धरायला कोणी तयारच नसते.

आशाताई_वर्धा
दवाखान्याची ओळ वर घे. खालचं कोणी वाचत नाही.

धानाची_लेक
नावाच्या खालीच घेतली. पाठवलं. काकूपण आहेत ग्रुपवर.